नाल्याचे पाणी आणि प्रकाश-उत्प्रेरक पावडर

घोडबंदर रोडच्या एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. डोंगरातून येणारे ओढे वस्तीतून जाताना सांडपाणी घेऊन खाडीला मिळतात. उन्हाळ्यात बोअरचे पाणी आटले की रोपवाटिका किंवा पालेभाजीला हेच पाणी देण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी ‘नॅनो पावडर टाका, ऊन लागू द्या, पाणी शुद्ध’ असे कोणी सांगितले, तर त्यात खरे किती हे आधी समजून घ्यावे.

टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड हे अर्धवाहक पदार्थ आहेत. त्यांच्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतील इलेक्ट्रॉन जागा सोडतो. सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मोकळी जागा मिळून पाणी व ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील घटक तयार करतात. हे घटक कीडनाशकांचे व रंगांचे रेणू तोडतात, जिवाणूंची पेशीभित्तिका फोडतात. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये दाखवले.

अडचण अशी, की या पदार्थाला अतिनील किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा साधारण ४ ते ५ टक्केच असतो. म्हणून त्यात नायट्रोजन, लोह, तांबे किंवा चांदीचे अल्प अणू मिसळतात. भाताच्या बियाण्यात दुसऱ्या वाणाचे दाणे म्हणजे भेसळ. इथे ती मुद्दाम, मोजून केलेली असते. त्यामुळे पदार्थ दृश्य प्रकाशही वापरू लागतो, किंवा सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच जागेवर परतत नाही. भेसळ जास्त झाली, तर मात्र काम उलट मंदावते.

प्रयोगशाळेत हे स्वच्छ पाण्यात, पातळ थरात होते. नाल्याच्या गढूळ पाण्यात ऊन खोल जातच नाही, आणि इतर सेंद्रिय घाण व क्षार त्या क्रियाशील घटकांना आधीच खाऊन टाकतात. शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती तुटत नाहीत. खाडीचे खारेपण तर तसेच राहते.

रंग गेला म्हणजे पाणी निर्धोक झाले, असेही नाही. रासायनिक रंगाचा छडा किती चिवट असतो हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. २०२० मध्ये तिथल्या एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला होता. रेणू अर्धवट तुटला तर रंग उडतो, पण उरलेले तुकडे पाण्यातच राहतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

सुटी पावडर शेतीच्या पाण्यात टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती परत गाळून काढणे अवघड असते. आम्लधर्मी पाण्यात झिंक ऑक्साइड विरघळते. सिंचनाच्या पाण्यात जस्ताची शिफारस केलेली मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. चांदीयुक्त पावडर जमिनीत साचली, तर रायझोबियम, अॅझोटोबॅक्टरसारख्या उपयुक्त जिवाणूंनाही मारू शकते. म्हणजे एका हाताने जिवाणू खत द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते संपवायचे. टायटॅनियम डायऑक्साइडची कोरडी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. जस्ताचे खत म्हणून मिळणारे उत्पादन वेगळे. ते पाणी शुद्ध करण्यासाठी नाही.

वापरायचेच असेल, तर काचेवर किंवा फरशीवर पक्का लेप दिलेली यंत्रणा घ्यावी. पाणी आधी टाकीत निवळू द्यावे, गरज असल्यास तुरटी फिरवावी, मग वाळूच्या गाळणीतून काढून लेपावरून पातळ थराने वाहू द्यावे. विक्रेत्याकडे आपल्याच पाण्याचा, प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा अहवाल मागावा. त्यात सामू, विद्युत वाहकता, जड धातू आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म असावेत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटरला १००० कोलिफॉर्म ही मर्यादा सुचवली होती. अहवाल येईपर्यंत नाल्याचे पाणी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याला देऊ नये. शोभेच्या रोपांना द्यावे लागलेच तर पानांवर न उडवता बुंध्याशी द्यावे आणि हातमोजे घालावेत.