ब्रीद आणि वायदा

दुकानाच्या वा व्यक्तीच्या नावामागे जे छोटेसे वाक्य लोकांच्या जिभेवर कायमचे घर करते, त्यास जाहिरातीच्या धंद्यातील मंडळी आज 'टॅगलाइन' म्हणत असली, तरी मराठीत त्याला 'ब्रीदवाक्य' असा भारदस्त शब्द आहे. आणि ब्रीद म्हणजे नुसती शोभेची पदवी नव्हे, तर जे प्राणपणाने पाळावयाचे ते व्रत, हे ध्यानी घेतले की या विषयाचे अर्धे मर्म हाती येते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावलेल्या एसटीचे उदाहरण पाहा. 'हात दाखवा, गाडी थांबवा' या तिच्या घोषवाक्याचे दोन्ही खंड पाच-पाच अक्षरांचे असून दोहोंचा शेवट 'वा' या एकाच अक्षराने होतो. त्यामुळे निरक्षर माणसाच्याही ते एकदा ऐकताच तोंडी बसते. परंतु यमकाहून मोठे सामर्थ्य त्यातील अर्थाचे: थांब्यापासून दूर, सडकेच्या कडेला गाठोडे घेऊन उभ्या असलेल्या उतारूने काय करावयाचे आणि त्याबदली त्याला काय मिळावयाचे, हे चार शब्दांत सांगणारा तो जणू करारनामाच.

पुण्याच्या पाट्यांवरील 'आमची कोठेही शाखा नाही' या वाक्याची तऱ्हा निराळी. वस्तुतः ती नामसादृश्याचा लाभ उठविणाऱ्यांपासून सावध राहण्याची गिऱ्हाइकाला दिलेली ताकीद. पण दुसऱ्याने जे न्यून म्हणून झाकले असते तेच ताठ मानेने सांगितल्यामुळे त्या ताकिदीचे बिरुद झाले.

याउलट 'उत्तम दर्जा, तत्पर सेवा' ही अक्षरे वाण्याच्या दुकानावर लावली काय आणि छापखान्यावर लावली काय, सारखीच शोभतात. म्हणूनच ती कोणाचीच नसतात. 'उद्या या' हे ज्या धंद्याचे बदनाम पालुपद, त्यातील एखाद्या शिंप्याने 'वायद्याच्या दिवशी कपडे हाती' असे लिहिले, तर ते शब्द त्याचेच होतील, कारण गिऱ्हाइकाच्या जुन्या दुखण्यावर ते नेमके बोट ठेवतात. मात्र पाटी रंगविण्यापूर्वी त्याने लग्नसराईतील आपली वही एकवार उघडून पाहावी, आणि वायद्याला उरकणार नाहीत तेवढी कापडे परत करण्याची छाती नसेल, तर रंगाऱ्याला आल्या पावली परत पाठवावे.