पायांना नीट जागा मिळाली की कंबर सुटते
लेखमाला : दुचाकीवरचा लांबचा पल्ला (भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण सीटचा विचार केला. पण सीट उत्तम असूनही शंभर-दीडशे किलोमीटरनंतर ज्यांची कंबर धरते, मांड्या भरून येतात किंवा तळपायांना मुंग्या येतात, त्यांनी आता खाली पाहायला हवं. दुखणं कमरेत असलं तरी त्याचं मूळ पुष्कळदा फुटरेस्टपाशी सापडतं.

मोटारसायकलवर आपलं शरीर तीन ठिकाणी टेकतं : सीट, हँडल आणि फुटरेस्ट. या तीन बिंदूंच्या त्रिकोणावर बसण्याची सगळी ढब ठरते. रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये भारतात एकत्रच आणलेल्या इंटरसेप्टर ६५० आणि काँटिनेंटल जीटी ६५० या गाड्यांवर ही गोष्ट स्पष्ट दिसते. दोन्हींना तेच ६४८ सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन आहे. पण जीटीचं हँडल खाली-पुढे आहे आणि फुटरेस्ट मागे, जरा उंचावर आहेत. इंटरसेप्टरवर माणूस ताठ बसतो, जीटीवर पुढे झुकतो आणि त्याचे गुडघे जास्त दुमडतात. बजाज अ‍ॅव्हेंजरमध्ये याच्या उलट आहे. तिथे पाय पुढे पसरतात, गुडघे मोकळे राहतात. मात्र पायांवर भार घेता येत नाही, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट माकडहाडातून मणक्यात जातो.

म्हणून फुटरेस्टचं काम नीट समजून घ्यायला हवं. खड्डा दिसताच बूड सीटवरून दोन बोटं उचलता यावं, घाटात वळताना वजन आतल्या पायावर देता यावं आणि तासाभराने उभं राहून पाय मोकळे करता यावेत, एवढा आधार तिथे मिळाला पाहिजे. पाय भार घेऊ लागले की पाठीवरचा ताण कमी होतो.

दुखणं काय सांगतं?

नवीन वस्तू घेण्याआधी दुखतं कुठे ते नेमकं पाहा. गुडघ्याच्या वाटीपाशी कळ येत असेल तर गुडघा जास्त दुमडला जातोय. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू दुखत असेल तर ब्रेक पेडल किंवा गिअर लिव्हर उंच आहे आणि पाऊल सतत वर ओढून धरावं लागतंय. तळव्याला मुंग्या येत असतील तर बहुधा कंपनं पोचताहेत. माकडहाड दुखत असेल तर पाय फार पुढे आहेत. मनगटं दुखत असतील तर हँडल खाली आहे किंवा फुटरेस्ट फार मागे आहेत, आणि अंग पुढे ढकललं जातंय.

गुडघ्याचा कोन मोजणं सोपं आहे. गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीचे बूट घालून नेहमीसारखे बसा आणि कुणाला तरी बरोबर बाजूने फोटो काढायला सांगा. फोटोत खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू रेषांनी जोडा. कोन काटकोनाहून बराच कमी असेल तर लांबच्या प्रवासात गुडघे त्रास देणारच. बुटक्या स्टुलावर तासभर बसल्यावर जे होतं, तेच इथेही होतं. गुडघ्यामागच्या शिरा दाबल्या जातात, पोटरीची हालचाल थांबते आणि रक्त वर ढकलण्याचं तिचं काम मंदावतं.

कोन उघडायचे मार्ग दोनच : सीट उंच करणं किंवा फुटरेस्ट खाली घेणं. सीट उंच केली तर गाडी वळणात झुकवायला मोकळीक तेवढीच राहते, पण सिग्नलला पाय टेकताना अडचण होते. फुटरेस्ट खाली घेतले तर पाय टेकायला त्रास नाही, पण वळणात ते लवकर रस्त्याला घासतात. उंच माणसाला वीस-पंचवीस मिलिमीटर खाली येणारे ब्रॅकेट पुष्कळ आराम देतात. ज्याचा रोजचा रस्ता आंबोली किंवा ताम्हिणीच्या वळणांचा आहे, त्याने मात्र ही किंमत आधी लक्षात घ्यावी.

फुकटात होणारं काम

अनेकांचा निम्मा त्रास लिव्हर जुळवल्यानेच जातो. गिअर लिव्हर ज्या शाफ्टवर बसतो त्याला बारीक दाते असतात. लिव्हरची आत्ताची जागा खडूने किंवा रंगाने खूण करून ठेवा. बोल्ट काढा, लिव्हर सरळ बाहेर ओढा, एक दाता खाली फिरवून परत बसवा. एका दात्याने लिव्हरचं टोक चांगलंच खाली येतं, म्हणून एका वेळी एकच. काही गाड्यांत लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये रॉड असतो. तिथे दोन्ही टोकांचे चेकनट ढिले करून रॉड फिरवला की अगदी बारीक फरकही साधतो. चवडा लिव्हरखाली सहज जावा आणि गिअर वर टाकताना फक्त घोटा हलावा, गुडघा उचलावा लागू नये, हे माप.

ब्रेक पेडलचंही तसंच. पाऊल फुटरेस्टवर निवांत असताना चवडा पेडलच्या किंचित वर राहावा, त्यावर दाबून नव्हे. इथे मात्र सावध राहा. मागे डिस्क ब्रेक असेल आणि पेडल बदलताना मास्टर सिलिंडरच्या दांड्याला जराही मोकळीक उरली नाही, तर पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळू लागतं आणि ऐन घाटात ब्रेक जातो. ड्रम ब्रेकमध्ये रॉडचा नट आवळताना चाक मोकळं फिरतंय ना, ते हाताने फिरवून पाहा. शेवटी ब्रेकचा दिवा पेडल दाबताच लागतो आणि सोडताच विझतो ना, हेही तपासा. फुटरेस्ट खाली-वर केले की हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं. फुटरेस्ट, गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल हा एकच संच आहे.

रबर की दातेरी लोखंड?

मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर चालणारं एक सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ६० वेळा गाडीला हादरा देतं. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३४६ सीसी इंजिनात हे हादरे मारायला बॅलन्सर शाफ्ट नव्हता. २०२० मध्ये मीटिअरबरोबर आलेल्या ३४९ सीसी इंजिनात तो आला आणि फरक पहिल्याच फेरीत पायांना कळला. गाडी जुनी असेल तर जाड रबराचे फुटरेस्टच ठेवा. रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर नुसतं रबर बदला, ते स्वस्तात मिळतं.

दातेरी धातूचे फुटरेस्ट पावसात आणि चिखलात बुटाला घट्ट धरून ठेवतात. कोकणातल्या जुलैमध्ये या पकडीचं मोल कळतं. पण त्यांतून कंपनं सरळ तळव्यात येतात आणि मऊ तळाचे बूट ते कुरतडून टाकतात. अ‍ॅडव्हेंचर प्रकारच्या अनेक गाड्यांत दातेरी फुटरेस्टवर काढता-घालता येणारं रबर असतं. लांबच्या प्रवासाला ही सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

रुंदीही महत्त्वाची. अरुंद फुटरेस्टवर सगळा भार तळव्याच्या एका पट्ट्यावर येतो, रुंदावर तो पसरतो. उभं राहून चालवणाऱ्याला तर रुंद फुटरेस्ट हवेच. विकत घेताना तीन गोष्टी पाहा : पिन घट्ट बसते का, स्प्रिंग जोरकस आहे का आणि फुटरेस्ट वर दुमडतो का. वळणात घासलेला फुटरेस्ट दुमडला नाही तर तो टेकूसारखा रुतून चाक उचलू शकतो. म्हणून वेल्डिंग करून पक्का बसवलेला फुटरेस्ट कितीही दणकट दिसला तरी नको.

टाचेचा आधार

शहरात आणि घाटात चवडा फुटरेस्टवर असावा, कारण त्यामुळे घोटा स्प्रिंगसारखा हलतो. सरळ रस्त्यावर मात्र पाऊल पुढे सरकून तळव्याचा खळगा फुटरेस्टवर येतो आणि टाच अधांतरी लोंबते. ती तशी धरून ठेवण्यात पोटरी दमते. टाचेखाली छोटी पट्टी मिळाली तर पोटरी सैल सुटते. बाजारात मिळणारे बरेचसे हील प्लेट मात्र फक्त बूट चेन आणि सायलेन्सरपासून दूर ठेवण्यासाठी असतात, त्यांच्यावर भार देऊ नये. आधाराची पट्टी हवी असेल तर ती फुटरेस्टच्याच ब्रॅकेटला बोल्टने पक्की बसणारी घ्या आणि टाच तिथून उचलून ब्रेकवर येताना बूट कुठे अडकत नाही ना, हे गाडी उभी असतानाच अनेकदा करून पाहा.

लेगगार्डवर बसणाऱ्या जादा फुटरेस्टविषयी माझं मत स्पष्ट आहे. पाय लांब करून मिनिटभर मोकळं वाटतं हे खरं, पण ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पाय पुढून मागे आणून पेडलवर ठेवण्यात अर्धा सेकंद गेला तरी अकरा मीटर गेले. ही सोय मोकळ्या, सरळ महामार्गांसाठी जन्मली. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्ग हे दोन्ही दुचाकींना बंद आहेत. आपला लांबचा पल्ला गावांमधून, एसटी थांब्यांसमोरून, गुरांच्या वाटेवरूनच जातो. या रस्त्यांवर पाय ब्रेकजवळच हवेत. आखडलेले पाय मोकळे करायला दर तासाला चहाची टपरी आहे.

मागे बसणाऱ्या माणसालाही विसरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ मागच्या व्यक्तीसाठी धरायला कडी, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण बंधनकारक करतो. बॅगेचे स्टँड लावताना मागचे फुटरेस्ट अर्धे झाकले जातात किंवा साडीगार्ड काढलं जातं. हे होऊ देऊ नका. पत्नीला, आईला किंवा मित्राला मागे बसवून, त्यांची टाच सायलेन्सरला लागत नाही ना ते पाहूनच फिटिंग पक्कं करा.

येत्या रविवारी क्रम असा ठेवा : आधी फोटो काढून कोन पाहा, मग लिव्हर जुळवा आणि ओळखीच्या रस्त्यावर शंभरेक किलोमीटर चालवा. तरीही दुखलं तर रबर किंवा रुंदी बदला. उंची बदलणारे ब्रॅकेट सर्वांत शेवटी. अनेकांना तिथवर जावंच लागणार नाही.

पुढच्या भागात त्रिकोणाचा उरलेला बिंदू : हँडलची उंची आणि मनगटांचा ताण.