शेजाऱ्याचे रिते फडताळ

आपल्या विजयाने माणूस सुखावतो हे खरेच. परंतु ज्याच्याशी आपली चुरस आहे त्याच्या पराभवाने होणारा आनंद काही निराळ्याच जातीचा असतो. त्याला कष्ट पडत नाहीत, त्याची जबाबदारी कोणावर येत नाही आणि तो एकट्याने भोगताही येत नाही. तो सांगायला कोणी तरी समोर लागते, शक्यतो ज्याची जिरली आहे तोच. ‘जिरली’ या तीन अक्षरांत मराठीने या आनंदाची सगळी चव साठवून ठेवली आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर हा शब्द गेली अनेक वर्षे वैशाखाच्या सुमारास हमखास ऐकू येत आला. पैठण गेटाकडून येणारी वर्दळ सुपारी मारुतीच्या आसपास रेंगाळते, दिवसभर तापलेल्या दुकानांच्या पायऱ्या रात्री कुठे बसण्याजोग्या होतात, आणि शाळामास्तर, कचेरीतले कारकून, महाविद्यालयीन मुले आदल्या रात्रीच्या आयपीएल सामन्याचा पंचनामा करू लागतात. या पंचनाम्यात मुंबई इंडियन्सचा पाठीराखा असतो, चेन्नईच्या पिवळ्या रंगाचा भक्त असतो, आणि एखादा तरी बंगळूरचा दुर्दैवी चाहता असतो. दुर्दैवी अशासाठी की, २००८ पासून २०२४ पर्यंतचे सतरा हंगाम उरलेल्या सर्वांच्या करमणुकीचा खर्च त्याने एकट्याने सोसला.

बंगळूरच्या अपयशात उपहासाला लागणारे सर्व गुण होते, हे मान्य केलेच पाहिजे. जो संघ तळाशी असतो त्याला कोणी हसत नाही. त्याची कीव येते. बंगळूर नेहमीच तळाशी नसे. विराट कोहली, ख्रिस गेल, एबी डिव्हिलियर्स यांच्यासारखे फलंदाज एकाच संघात नांदत होते आणि तरीही फडताळ रिकामे राहत होते. २००९ साली जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात अनिल कुंबळे यांनी अवघ्या १६ धावांत चार बळी घेतले आणि संघ सहा धावांनी हरला. २०११ मध्ये चेन्नईने ५८ धावांनी लोळवले. २०१६ मध्ये तर कोहलीने एका हंगामात ९७३ धावांचा डोंगर रचला, अंतिम सामना घरच्याच मैदानावर आला, २०९ धावांचा पाठलाग करताना गेल आणि कोहली यांनी ११४ धावांची सलामी दिली, आणि हैदराबादने आठ धावांनी सामना काढून घेतला. २३ एप्रिल २०१३ रोजी ज्या संघाने २६३ धावा कुटल्या तोच संघ बरोबर चार वर्षांनी, २३ एप्रिल २०१७ रोजी, ४९ धावांत आटोपला. इतका नेटका योगायोग एखाद्या विनोदी लेखकाने कल्पिला असता तर संपादकाने तो अतिशयोक्त म्हणून परत पाठवला असता.

त्यात भर त्या घोषणेची. ‘ई सल कप नमदे’, म्हणजे या खेपेस चषक आपलाच. कानडीत ‘सल’ म्हणजे खेप. मराठीत ‘सल’ म्हणजे आत रुतून राहिलेली टोचणी. दोन्ही भाषांचा शेजार असा दरवर्षी एका शब्दात उभा राहत होता, आणि हंगामाच्या अखेरीस कानडी अर्थ गळून मराठी अर्थ तेवढा उरत होता. घोषणा चाहत्यांनी श्रद्धेने उच्चारली आणि प्रतिस्पर्ध्यांनी ती तोंडपाठ करून वेडावण्यासाठी वापरली. तिचा उच्चार गुलमंडीवर जितक्या वेळा झाला असेल त्यातला श्रद्धेचा वाटा थोडाच असणार.

अशा आनंदाला नैतिकतेच्या तागडीत घालण्याची घाई करू नये. चौकातली टवाळी ही एक प्रकारची सोबत असते. रोज ज्याच्याबरोबर चहा प्यायचा त्यालाच चिडवता येते. अनोळखी माणसाला चिडवले तर मारामारी होते. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या अपयशाची बारीकसारीक नोंद ठेवणारा माणूस त्याचे सामने त्याच्या चाहत्याइतक्याच निष्ठेने पाहत असतो. मुंबई आणि बंगळूर यांचे नशीब तर असे गुंतले होते की एकाच्या पराभवात हसणाऱ्याला आपले हसे कोठे होईल याचा भरवसा नव्हता. २१ मे २०२२ रोजी मुंबईने दिल्लीला हरवले म्हणून बंगळूरला बाद फेरीत प्रवेश मिळाला. त्या रात्री बंगळूरचे चाहते मुंबईच्या प्रत्येक धावेला टाळ्या वाजवत होते. पुढच्याच वर्षी, आणि पुन्हा २१ मे रोजीच, बंगळूर गुजरातकडून हरले म्हणून मुंबईला दार उघडले. शत्रुत्व म्हणावे तर हे असले.

अमेरिकेत बेसबॉलच्या वेडापायी अशीच एक टवाळी कित्येक दशके चालली. बॉस्टनच्या संघाने १९१८ साली अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर त्याला ते मिळेना. न्यूयॉर्कच्या यांकी संघाचे पाठीराखे बॉस्टनच्या खेळाडूंना पाहिले की ‘एकोणीसशे अठरा’ एवढाच आकडा सामुदायिक घोषात म्हणत. दुसऱ्या शिवीची त्यांना गरज भासत नसे. २००४ साली सात सामन्यांच्या मालिकेत यांकींनी पहिले तीन जिंकले, आणि नंतरचे चारही बॉस्टनने घेतले. शहाऐंशी वर्षांची प्रतीक्षा त्याच हंगामात संपली. एका आकड्यावर पोसलेली थट्टा तो आकडा बदलताच जागच्या जागी मेली, आणि त्या क्षणापासून न्यूयॉर्ककरांना आपल्याच घरची पडझड दिसू लागली.

बंगळूरचा आकडा ३ जून २०२५ च्या रात्री बदलला. अहमदाबादेत पंजाबवर सहा धावांनी विजय मिळाला. २००९ साली ज्या सहा धावा कमी पडल्या होत्या तेवढ्याच या वेळी पदरात पडल्या. थट्टेखोरांना नवे सावज शोधणे भाग होते. परंतु दुसऱ्याच दिवशी जे घडले त्याने हसण्याचा आणि हरण्याचा सगळा हिशेबच थांबवला. विजयोत्सवासाठी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक तरुण होते, काही तर अजून मिसरूडही न फुटलेली मुले. अठरा वर्षे ज्यांना ‘तुमचे फडताळ रिकामे’ म्हणून खिजवले गेले, त्यांना फडताळ भरल्याचे दुसऱ्या दिवशी पाहायचे होते. त्यांचा अपराध एवढाच. गर्दीची व्यवस्था करणारे कोठे चुकले हा प्रश्न चौकशीचा आहे. मात्र चाहत्याच्या आसक्तीला आपण किती सहज विनोदाचा विषय करतो, याची आठवण त्या दिवशी पुष्कळांना झाली असावी.

आता प्रश्न उरतो तो हसणाऱ्याच्या अधिकाराचा. गुलमंडीवरचा मुंबईप्रेमी २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० ही पाच साले बोटांवर मोजून दाखवतो आणि बंगळूरला त्या पाच बोटांचा पंजा दाखवतो. हे पाच चषक कोणाचे? मुंबईतल्या एका उद्योगसमूहाच्या मालकीच्या संघाचे. गुलमंडीपासून वानखेडे मैदान सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. चेन्नईच्या पिवळ्या झेंड्याचे तर बोलायलाच नको. हे सगळे अवसान उसने आहे, आणि उसने अवसान नेहमीच अस्सलापेक्षा मोठ्या आवाजात बोलते. राज्यातल्या दुसऱ्या मोठ्या शहराने, पुण्याने, दोनदा आयपीएलचा डाव मांडून पाहिला. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ एवढेच टिकले. नंतरच्या पुणे संघाने २०१७ च्या हंगामात मुंबईला एकदा नव्हे, तीनदा हरवले आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात १३० धावांचे माफक लक्ष्य समोर असताना एका धावेने हार पत्करली. त्यानंतर तो संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही. मुंबईच्या बाजूने बसलेल्या मराठवाड्यातल्या रसिकांनी त्या रात्री ‘पुण्याची जिरली’ म्हणून जो आनंद मानला तो समजण्याजोगा असला तरी त्यात एक मौज होती. कारण ज्या क्रिकेटमध्ये संघ विकत घेता येत नाहीत, त्यात गुलमंडी पुण्याच्याच बाजूची आहे.

महाराष्ट्र राज्यातून रणजी करंडकासाठी तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. पहिल्याने २०२३-२४ मध्ये बेचाळिसाव्यांदा करंडक उचलला. दुसऱ्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा तो नागपूरला नेला, आणि शेवटच्या खेपेस उपांत्य सामन्यात मुंबईलाच घरी पाठवले. छत्रपती संभाजीनगर ज्यात मोडते तो तिसरा संघ. पुण्यात मुख्यालय असलेल्या या महाराष्ट्र संघाने हा मान यापूर्वी मिळवला तो १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत. कर्णधार होते संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर, वय पन्नाशीकडे झुकलेले. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन अंतिम सामने झाले आणि तिन्ही हातचे गेले. बंगळूरनेही तीनच अंतिम सामने गमावले होते. त्यांच्या सतरा वर्षांना हसणाऱ्यांच्या मागे आठ दशकांहून अधिक काळाची कोरड पडली आहे. आपले ठेवावे झाकून अन् दुसऱ्याचे पाहावे वाकून, ही म्हण क्रिकेटसाठी रचलेली नसली तरी येथे चपखल बसते.

त्या तिघांतला १९७०-७१ चा पराभव विशेष बोचरा आहे. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेले. उरलेल्यांचे नेतृत्व सुधीर नाईक यांच्याकडे. समोर चंदू बोर्डे यांचा महाराष्ट्र. मुंबईला नमवायची याहून चांगली संधी कोणती? तरी मुंबईच जिंकली. त्याही मागे, मार्च १९४९ मध्ये पुण्यात झालेल्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राने दोन डावांत मिळून १०११ धावा केल्या आणि तो ३५४ धावांनी हरला, कारण मुंबईने १३६५ केल्या होत्या. हजारांवर धावा करून इतक्या फरकाने हरणाऱ्या संघापुढे ४९ धावांत आटोपलेला संघ तरी काय विनोद सांगणार!

आणखी बारकाईने पाहिले तर हिशेब याहून विचित्र निघतो. देवधरांचा संघ जिंकला तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीचा, हैदराबादचा, संघ १९३७-३८ मध्ये रणजी करंडकाचा मानकरी ठरला होता. म्हणजे भूगोलाच्या काटेकोर न्यायाने गुलमंडीच्या फडताळात एकच करंडक ठेवता येईल, आणि तोही हैदराबादचा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हापासून या शहराचे फडताळ पूर्ण रिकामे आहे.

रिकामे असले म्हणून त्यात माणसे नाहीत असे नव्हे. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी महाराष्ट्राकडून खेळत खेळत डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटीत उतरला. गोलंदाज असूनही विजयाला लागणाऱ्या मोजक्या धावांसाठी त्याला सलामीला पाठवण्यात आले होते. तो त्याचा एकमेव कसोटी सामना. पैठणात जन्मलेला अंकित बावणे महाराष्ट्राचा कर्णधार झाला. आणि बीडचे संजय बांगर! २०२२ आणि २०२३ या हंगामांत गुलमंडी ज्या बंगळूर संघावर हसत होती त्याचे मुख्य प्रशिक्षक हे मराठवाड्याचेच गृहस्थ होते. बंगळूरच्या पराभवावर हसताना आपण आपल्याच माणसाच्या कष्टांवर हसतो आहोत, हे किती जणांना ठाऊक होते?

बंगळूरला हसण्याआधी आणखी एक पान उलटायला हवे होते. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईबाहेर गेला नव्हता. ती साखळी १९७४ च्या मार्चमध्ये तुटली, ती बंगळूरलाच, कर्नाटकाकडून. तेव्हापासून २०१४-१५ पर्यंत कर्नाटकाने हा करंडक आठ वेळा जिंकला. फडताळ रिते होते ते कंपन्यांच्या लिलावात जमवलेल्या संघाचे. शहराचे कधीच नव्हते. गुलमंडीची स्थिती नेमकी उलटी, आणि हसू मात्र तिच्याच ओठांवर.

मनसोक्त हसावे, पेढे वाटावेत असा एक प्रसंग या शहराच्या वाट्याला खरोखरीच आला होता. जानेवारी २०१४ मध्ये रणजीच्या उपउपांत्य सामन्यात महाराष्ट्राने मुंबईला थेट वानखेडेवर आठ गडी राखून हरवले. अडीचशेहून अधिक धावांचा पाठलाग केदार जाधव याच्या शतकाने पार पडला आणि त्याच्या जोडीला खंबीरपणे उभा होता तो जालन्याचा विजय झोल, वय अवघे एकोणीस. चाळीस करंडकांचा धनी असलेला संघ, त्याचे घरचे मैदान, आणि त्याला धूळ चारणारा पोरगा गुलमंडीपासून दीड तासाच्या वाटेवरचा! ‘मुंबईची जिरली’ असे छातीठोक म्हणण्याचा स्वतःचा, अस्सल, कोणाकडूनही उसना न आणलेला हक्क त्या दिवशी येथल्या रसिकाला मिळाला होता. त्या विजयाचा गुलाल गुलमंडीवर उधळल्याचे कोणी सांगत नाही. काही आठवड्यांनी हैदराबादला अंतिम सामना झाला आणि महाराष्ट्र सात गड्यांनी हरला. हरवणारा संघ कर्नाटकाचा होता.