माशांच्या पेटीखालची टाकी

‘संप’ हा शब्द उच्चारला की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पुणतांबे आठवते. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाची हाक त्याच गावातून उठली. आज मी सांगणार आहे तो संप निराळा. हा शब्द इंग्रजीतून आला आहे आणि त्याचा अर्थ, पाणी जमा व्हावे म्हणून खालच्या अंगाला केलेली टाकी. घरात किंवा शाळेत माशांची मोठी काचपेटी असली, तर तिच्याखाली अशी एक टाकी बसवतात. ती कशासाठी बसवायची, आणि बसवताना कोणता हिशेब चुकू द्यायचा नाही, हे आपण पाहू.

मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषच. पण निसर्गाने त्यावर उपाय योजून ठेवला आहे. काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ साठले तरच बाधते, आणि अधूनमधून थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. शेतकऱ्याला ही गोष्ट परकी नाही. शेतात युरिया टाकला म्हणजे मातीतही असेच जंतू कामाला लागतात. त्यांना चिकटून राहायला खडबडीत जागा हवी आणि प्राणवायू असलेले वाहते पाणी हवे. एवढी जागा शोभेच्या पेटीत कोठून आणणार? म्हणून ती खाली करायची.

या रचनेचा मोठा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यात घाटघरला वरचे धरण आहे आणि सह्याद्रीच्या कड्याखाली, ठाणे जिल्ह्यात, चोंढ्याजवळ खालचे धरण आहे. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज करतात, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. २००८ साली सुरू झालेला हा घाटघर उदंचन प्रकल्प. उदंचन म्हणजे पाणी वर उपसणे. तुमच्या पेटीखाली जे करायचे ते हेच, फक्त वीज निर्माण करण्याऐवजी पाणी गाळायचे. उतरताना पाणी आपल्या वजनाने उतरते. चढवताना मात्र वीज लागते.

आता रचना ऐका. वरच्या पेटीच्या मागच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा करतात आणि त्याच्या वरच्या कडेला दाते ठेवतात. हा आपल्या धरणाचा सांडवाच समजा. पाणी दात्यांवरून कप्प्यात पडते आणि पी.व्ही.सी. नळीने खालच्या टाकीत उतरते. खालच्या टाकीत काचेच्या फळ्या लावून तीन खण करतात. पहिल्या खणात स्पंज किंवा कापूस गाळ अडवतो. दुसऱ्यात सच्छिद्र चिनी मातीचे तुकडे किंवा लाव्हा खडे असतात. ती जंतूंची वसाहत. तिसऱ्यात पंप. शेवटच्या फळीवरून पडलेले स्वच्छ पाणी तो वर पाठवतो.

येथपर्यंत सगळे सोपे आहे. पण वीज गेली म्हणजे काय होते? पंप थांबतो. सांडव्यावरून पाणी मात्र दात्यांच्या पातळीपर्यंत उतरत राहते. इतकेच नव्हे, पंपाची नळी वरच्या पेटीत जितकी खोल बुडालेली असेल, तितक्या खोलीपर्यंतचे पाणी तिच्यातून उलटे खाली येते. डब्यातून नळीने डिझेल काढतात, तोच हा प्रकार. याला वक्रनळीचा परिणाम म्हणतात. नळीच्या तोंडापर्यंत पातळी उतरून आत हवा शिरली, म्हणजेच तो थांबतो.

हिशेब करून पाहू. पेटी १५० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच आहे असे धरा. तिच्यातले पाणी एक सेंटिमीटर उतरले म्हणजे ९ लिटर खाली आले. नळीचे तोंड पाण्यात ३ सेंटिमीटर असेल तर २७ लिटर येतील. नळीतले आणि कप्प्यातले धरून ३५ म्हणा. आता खालची टाकी ९० लांब, ४० रुंद, ४० उंच, आणि पंप चालू असताना तिच्यात सरासरी २५ सेंटिमीटर पाणी. वर १५ सेंटिमीटर रिकामे, म्हणजे ५४ लिटरची जागा. ३५ लिटर सुखाने मावतील. पण कोणी हौसेने नळीचे तोंड १० सेंटिमीटर खोल बुडवले, तर ९० लिटर उतरतील. ५४ मावतील आणि ३६ घरभर होतील. रात्री वीज गेली तर सकाळी पाय पाण्यात पडेल. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की, खालच्या टाकीतली रिकामी जागा वाया गेलेली नाही. तीच तुमच्या घराची राखण करते. टाकी काठोकाठ भरण्याचा मोह टाळा.

तुम्ही म्हणाल, नळीला एकेरी झडप बसवली की झाले. विहिरीवरच्या फूट व्हॉल्व्हचा अनुभव तुम्हाला आहेच. एक काडी अडकली की पाणी उतरून जाते. तेव्हा झडप बसवा, पण तिच्यावर विसंबू नका. नळीचे तोंड पृष्ठभागाजवळ ठेवा आणि पातळीच्या किंचित खाली नळीला एक बारीक भोक पाडा. पाणी भोकाखाली गेले की हवा आत शिरते. हे भोक शेवाळाने बुजते, म्हणून ते दर आठवड्याला साफ करा.

उलटा प्रसंगही येतो. वीज आहे, पंप चालू आहे, पण गोगलगाय किंवा पान अडकून उतरती नळी तुंबली. मग वरची पेटी भरून वाहील. येथेही मापच उपयोगी पडते. पंपाच्या खणात ३० लिटर पाणी आणि वरच्या पेटीच्या काठाखाली ५ सेंटिमीटर मोकळे, म्हणजे ४५ लिटरची जागा असेल, तर खण रिता होईल पण पेटी ओसंडणार नाही. शिवाय उतरत्या नळीला जाळी लावा आणि थोड्या उंचीवर दुसरी मोकळी नळी ठेवा.

आणखी चार गोष्टी. टफन केलेल्या काचेला भोक पाडू नका, ती चुरा होते. या पेटीत काठोकाठ ५४० लिटर पाणी मावते. म्हणजे साखरेच्या ५० किलोच्या जवळजवळ अकरा पोत्यांचा भार, आणि काच वेगळीच. तेव्हा घोडा मजबूत हवा. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी न चढवता मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो, चढ लागला की तो घटतो. आणि विजेची वायर बटणाकडे जाण्यापूर्वी खाली झोल देऊन न्या, म्हणजे ओघळ बटणात न जाता खाली गळेल.

वीज बराच वेळ गेली तर जंतूंनाही प्राणवायू मिळत नाही आणि ते मरू लागतात. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप जवळ ठेवावा. नव्या टाकीत जंतू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडा.

शाळेत पेटी बसवणाऱ्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. मासे आणण्यापूर्वी पाणी भरा, पंप सुरू करा आणि मुलांसमोर मुद्दाम बटण बंद करा. पाणी कोठवर चढेल हे मुलांना आधी वहीत मांडायला लावा. मग खालच्या टाकीवर खडूने खूण करून ताडून पाहा. गणित बरोबर आले आणि फरशी कोरडी राहिली, तर मग खुशाल मासे सोडा.