मॅडम, तुमची वही दाखवा ना!

पाठ्यपुस्तकात धड्याच्या आधी लेखकाचा परिचय असतो. नाव, पुढे कंसात जन्माचं आणि मृत्यूचं साल, खाली चार-पाच पुस्तकांची नावं. 'जोड्या लावा'मध्ये हमखास येतात, म्हणून मुलं ती घोकतात. पण त्या कंसाचा एक गमतीशीर परिणाम होतो. मुलांना वाटायला लागतं, लेखक म्हणजे होऊन गेलेला माणूस. पूर्वी राजे असत, ऋषी असत, तसे लेखक असत!

आणि याच मुलांना आपण सांगतो, 'पावसाळ्यातील एक दिवस' यावर पंधरा ओळी लिहा. ती बिचारी गाईड उघडतात. कुणाचीही वही बघा, पाऊस रिमझिमच पडतो आणि मोर थुईथुईच नाचतो. ज्याच्या घरात पत्र्यातून पाणी गळतं आणि रात्री उठून पातेली लावावी लागतात, त्याच्याही वहीत मोरच. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, की अरे, ती पातेली लिही. मोर राहू दे.

हे सांगायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे जिवंत, हाडामांसाचा लेखक. पण तो वर्गात आणायचा कसा? शहरातल्या मोठ्या शाळांना जमतं. आडगावच्या शाळेला गाडीभाडं आणि मानधन कुठून परवडणार?

अमेरिकेतल्या लहान गावांतल्या शाळांपुढेही नेमका हाच प्रश्न होता. तिथे लेखकाला शाळेत बोलावायची पद्धत जुनी, पण खर्च मोठा. त्यातून २०१० च्या आसपास स्काइपवरच्या भेटी रुळायला लागल्या. केट मेस्नर ही मुलांसाठी लिहिणारी लेखिका, आधी पंधरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवणारी. शाळांच्या अडचणी तिला आतून ठाऊक. फुकट भेटायला तयार असलेल्या लेखकांची यादीच ती करायला लागली. फेब्रुवारीत 'वर्ल्ड रीड अलाउड डे' असतो, म्हणजे मोठ्याने वाचण्याचा दिवस. 'लिटवर्ल्ड' या संस्थेने तो २०१० मध्ये सुरू केला. त्या निमित्ताने अनेक लेखक शाळांना वेळ देतात. भेट जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. नमस्कार-चमत्कार, पुस्तकातलं थोडं वाचून दाखवणं, मुलांचे प्रश्न आणि निघताना एक-दोन पुस्तकांची शिफारस. स्वतःची नाही हं, दुसऱ्या लेखकांची! हा शेवटचा नियम मला फार आवडला. आपल्याकडच्या कितीतरी व्यासपीठांवर लावण्यासारखा आहे.

मग आलं २०२०. जेसन रेनॉल्ड्स या लेखकाची त्या जानेवारीत अमेरिकेत मुलांच्या साहित्याचा राष्ट्रीय दूत म्हणून नेमणूक झाली होती. छोट्या गावांत जाऊन मुलांना भेटायचं, असं त्याने ठरवलं होतं. मार्चमध्ये शाळाच बंद पडल्या. तेव्हा हा गडी घरातूनच कॅमेऱ्यासमोर बसला आणि मुलांना लिहायला प्रवृत्त करणारे छोटे छोटे व्हिडिओ करायला लागला. आधी आपली एखादी गंमत सांगायची, मग म्हणायचं, आता तुम्ही लिहा. पुढे शाळांशी भेटीही पडद्यावरूनच झाल्या.

हा माणूस मुलांपासून काही लपवत नाही. सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याने एकही कादंबरी पुरी वाचलेली नव्हती, हे तो सरळ सांगतो. नवव्या वर्षी कविता लिहायला लागला, तोही पुस्तक वाचून नाही, रॅप गाणी ऐकून. जे मूल पुस्तकाला हात लावत नाही, त्याला हे ऐकून काय वाटत असेल! आपल्याकडचा पाहुणा बहुधा 'मी लहानपणी दिवसाला दोन पुस्तकं वाचायचो' इथून सुरुवात करतो. मागच्या बाकावरचे तिथेच गळतात.

तुम्ही म्हणाल, ही परदेशातली कौतुकं. पण लांबून भेटणारा लेखक आपल्याला कुठे नवा आहे? साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' आपल्या घराघरांतून वाचली गेलीच की. आणि पडद्यावरून वर्ग जोडण्याचं म्हणाल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांची स्काइपवरून परदेशातल्या वर्गांशी गाठ घालून देत होते. २०२० चं 'ग्लोबल टीचर प्राइझ' त्यांना मिळालं, ते सगळ्यांना आठवत असेल. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण त्याने काही अडत नाही. आता साधा व्हिडिओ कॉल पुरतो.

माझी मावसबहीण सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात एकोणीस मुलं. तिने गेल्या वर्षी पुण्यातल्या एका लेखिकेशी अशी भेट ठरवली. लेखिकेचं पुस्तक शाळेत एकच. ते तिने आठवडाभर रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. मग प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा. 'तुमचा जन्म कुठे झाला?' छापाचे सगळे प्रश्न तिने बाद केले. म्हणाली, ''ते पुस्तकाच्या मागे छापलंय. जे कुठे छापलेलं नाही ते विचारा.''

ठरलेल्या दिवशी टेबलावर खडूंचा डबा, त्याला टेकवलेला मोबाइल आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीने पोरं. दोनदा नेटवर्क गेलं. पहिली पाच मिनिटं सगळे नुसते लाजत होते. मग एका मुलीने विचारलं, ''मॅडम, तुम्ही लिहायला कधी बसता? घरातलं काम कोण करतं?'' पोरं हसली. लेखिका हसल्या नाहीत. म्हणाल्या, ''मीच करते गं. डाळ-भाताचा कुकर लावते आणि शिट्ट्या मोजत लिहिते. कधी कधी शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि डाळ करपते.'' या मुलीला दोन धाकटी भावंडं आहेत आणि शाळेतून गेल्यावर भाकऱ्या तीच थापते. ती एकदम मोबाइलच्या जवळ सरकून बसली.

मग मागून एकाचा आवाज आला, ''मॅडम, तुमची वही दाखवा ना!''

लेखिका उठल्या आणि वही घेऊन आल्या. पानभर खाडाखोड. बाण काढून वाक्यं इकडची तिकडे नेलेली, समासात 'हे नको' असं लिहिलेलं, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. वर्गात सामसूम! या मुलांच्या लेखी खाडाखोड म्हणजे मार्क कापले जाण्याची जागा. एकाने हळूच विचारलं, ''हे कोण खोडतं?'' ''मीच,'' लेखिका म्हणाल्या. ''एवढं एक पान मी सहा वेळा लिहिलंय.''

बहीण म्हणते, माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत मला जे पटवून देता आलं नाही, ते त्या एका पानाने केलं. सुवाच्य, टापटीप वहीचं कौतुक करण्यात आम्ही शिक्षक इतके गुंतलेलो असतो, की मूल पहिल्या वाक्यालाच घाबरतं.

जाताना लेखिकेने गृहपाठ दिला. आज घरात कानावर पडलेलं एक वाक्य जसंच्या तसं लिहून आणा. दुसऱ्या दिवशी एका मुलाने आणलं, 'म्हस इकायची न्हाय. तिचं नाव माझ्या आयनं ठिवलंय.' वडील फोनवर कुणाला तरी बोलले होते.

आता काय करायचं? 'म्हैस विकायची नाही' असं लाल पेनाने करायचं? बहिणीने पेन खाली ठेवलं आणि नुसतं लिहिलं, 'मग पुढे काय झालं?' आदल्याच महिन्यात 'माझा आवडता प्राणी'मध्ये तीन ओळींवर थांबलेला हा मुलगा दीड पान लिहून आला. आजी कोण होती, म्हशीला चंद्री का म्हणतात, कर्ज किती आहे, सगळं. म्हैस राहिली की गेली, ते मात्र त्याने लिहिलं नव्हतं, कारण ते अजून घरात ठरलं नव्हतं. प्रमाणभाषा पुढे शिकवता येईल. पण हे पान त्या दिवशी लाल झालं असतं, तर दुसरं आलं नसतं, असं मलाही वाटतं.

ज्या मैत्रिणी शिक्षिका आहेत किंवा शाळेच्या पालक-सभेत ज्यांचं चार लोक ऐकतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी. तीनशे मुलं हॉलमध्ये कोंबून मोठ्या पडद्यावर भेट घडवू नका. त्याचं व्याख्यान होतं, आणि त्याच्या मागून स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन येतंच! एक वर्ग, एक लेखक, वीस मिनिटं. आधी त्या लेखकाचं काहीतरी वाचून झालेलं हवं. पुस्तकं नसतील तर 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, आणि 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. मुलांचे चेहरे रेकॉर्ड करून गावभर स्टेटसला लावायची हौस टाळा. मूल मोकळं बोलतंय ते त्या बाईंशी, गावाशी नाही. आणि हो, वीस मिनिटं लेखकाने प्रेमाने दिली तर जरूर घ्या, पण तासाभराची कार्यशाळा फुकट मागू नका. प्लंबरला आपण पैसे देतोच ना?

बहिणीच्या वर्गाची पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. या वेळी प्रश्न निवडायचं काम मुलांनी स्वतःकडे घेतलंय. पहिला प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून चौकट करून ठेवलाय, पुसायची कुणाला परवानगी नाही: 'तुमची कुठली गोष्ट कुणीच छापली नाही?'