परदेशी बदली आणि मुलांची शाळा

गेल्या महिन्यात बनारसच्या दुर्गाघाटावरच्या आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबाला मस्कतची बदली आली. मुलगी आठवीत. तिला सोबत न्यायचं की इथेच वसतिगृहात ठेवायचं?

मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्यासोबत राजघाट बेझंट स्कूल बघायला गेले. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांवर १९३४ मध्ये उभी राहिलेली ही निवासी शाळा वरुणा-गंगा संगमाजवळ, उंच काठावर आहे. आम्ही ऑफिसात फीचं विचारत होतो, तेवढ्यात मुलगी बाहेर तिथल्या मुलींना विचारत होती, घरी फोन कधी लावू देतात, रात्री ताप आला तर कोण बघतं. खरे प्रश्न हेच. ते मुलांनाच विचारू द्या.

दुसरी गोष्ट बोर्डाची. राजघाटला सीबीएसई आहे, आखातातल्या भारतीय शाळांमध्येही बहुतेक ठिकाणी सीबीएसईच. पण बोर्ड तेच असलं तरी परीक्षेची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे दहावीत शाळा बदलणं फार अवघड जातं. हलायचं असेल तर आठवी संपताच हला.

टीसी हातात आली की त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागेल का, हे नव्या शाळेला आधीच विचारा. तिकडे पोचल्यावर त्या सहीसाठी परत धावपळ नको.

माझं मत विचाराल तर, मूल स्वतः 'राहते' म्हणत नसेल तर सोबत न्या. या मुलीने मस्कत निवडलं.

तुमचं मूल कितवीत आहे आणि कुठे जाताय, ते लिहा. जमेल तेवढं सांगते.