चौकट : पंच निवडले कोणी?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरमधल्या फौजदारी खटल्याचा निकाल आज न्यायाधीशच देतात. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांना, जागाच उरली नाही. सामान्य माणसं भावनेच्या भरात निकाल देतात, हा ज्यूरीवरचा मोठा आक्षेप. त्यासाठी १९५९चा मुंबईतला नानावटी खून खटला पुढे केला जातो : वर्तमानपत्रांनी तापवलेल्या वातावरणात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. पण सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. चूक सुधारण्याची सोय कायद्यातच होती.

मला टिळकांचे राजद्रोहाचे खटले अधिक बोलके वाटतात. १८९७मध्ये सहा युरोपीय पंचांनी त्यांना दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. १९०८मध्ये सात युरोपीय एका बाजूला, दोन पारशी दुसऱ्या. पुरावा सर्वांपुढे एकच होता. शिवाय ज्यांवरून खटले झाले ते ‘केसरी’तले लेख मराठी, आणि बहुसंख्य पंचांना मराठी येत नव्हतं! पांढुर्ण्याच्या मराठी वाचकाला यातला अन्याय वेगळा सांगायला नको. पंचांची यादी करतानाच निकाल जवळजवळ ठरला होता. त्याचा दोष सामान्य माणसाच्या विवेकावर टाकता येत नाही. १९०८च्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवण्यात आलं.